केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत

"हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत," असे मराठी माणूस ज्या ठसक्याने म्हणतो, त्या ठसक्यात एक जुना सामाजिक करार दडलेला आहे. पिकलेले केस म्हणजे साठलेला अनुभव, आणि अनुभवाला मान, असा तो करार. पण हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाच्याच मोरीतल्या फळीवर आज कलपाची पुडी सापडते. रविवारी सकाळी जुन्या ब्रशाने ती डोक्याला फासली जाते, आणि सोमवारी पहिल्या पाळीला हा अनुभवी कामगार आपला अनुभव झाकून दारावर हजर होतो. म्हण एक सांगते आणि पुडी दुसरेच सांगते. अशा वेळी समाजाचे खरे तत्त्वज्ञान म्हणीत नव्हे, पुडीत शोधावे लागते.

चळवळीतील गंभीर प्रकृतीच्या मंडळींना हा विषयच क्षुल्लक वाटेल. महागाई, बेकारी, कंत्राटीकरण असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना केसांचा काय विचार करायचा, असे ते विचारतील. ज्यांना पोटाची विवंचना नाही त्यांनी आरशासमोर बसावे, असा टोलाही हाणतील. परंतु हा आक्षेप वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. ज्यांना पोटाची विवंचना नाही, ते पांढऱ्या केसांनी खुशाल मिरवू शकतात. निवृत्त न्यायाधीशाला, मठाधिपतीला किंवा कारखान्याच्या मालकाला पांढरे केस शोभून दिसतात, त्याच्या शब्दाचे वजन वाढवतात. पांढऱ्या केसांची भीती वाटते ती ज्याची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला. म्हणून हा प्रश्न प्रसाधनाचा नाही, रोजीचा आहे.

निसर्ग काय करतो

प्रथम, प्रत्यक्षात काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण अज्ञान हेच या बाजाराचे भांडवल आहे. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे द्रव्य वाढत्या केसात भरतात आणि केसाला काळा वा भुरा रंग येतो. वाढत्या वयाबरोबर या पेशींचा राखीव साठा संपत जातो किंवा निकामी होतो आणि नवा केस रंगाविना उगवतो. पांढरा रंग असा केसात येत नाही. असलेला रंग यायचा थांबतो, एवढेच. हे केव्हा घडावे, हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते. आशियाई लोकांत पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर ते अकाली मानतात; अशा वेळी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार यांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते. तंबाखूच्या धूम्रपानाशीही अकाली केस पिकण्याचा संबंध आढळला आहे. २०२० साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत असे दाखवले, की तीव्र ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या द्रव्यामुळे रंगपेशींचा हा राखीव साठा झपाट्याने खर्ची पडतो. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. तरीही काळजीने केस पिकतात ही आजीबाईंची समजूत अगदीच टाकाऊ नव्हती, इतके म्हणता येते.

रंगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्रास केसाच्या बदललेल्या पोताचा असतो. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. वय वाढते तसे टाळूतील तैलग्रंथींचे स्रवण घटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट अधिक जाणवते. केस कोरडे, राठ आणि निस्तेज होतात. काही पांढरे केस तारेसारखे ताठ उभे राहतात, वाकडेतिकडे वळतात, वेणीत वा अंबाड्यात बसत नाहीत. दुसरीकडे एकूण केस मात्र बारीक आणि विरळ होत जातात. जन्मभर ज्या केसांना एका पद्धतीने विंचरले, ते केस एकाएकी परके झाल्यासारखे वाटतात. पन्नाशीची स्त्री आरशासमोर गोंधळते ती नटवेपणाने नव्हे. हाताखालची ओळखीची वस्तूच बदललेली असते.

यावर उपाय आहेत, पण ते फार स्वस्त असल्यामुळे त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. अंगाच्या साबणाच्या वडीने केस धुण्याची सवय सोडावी, कारण साबणातील क्षार केस अधिक खरखरीत करतो. रोज धुण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड सौम्य शांपूने धुवावेत. धुण्यापूर्वी खोबरेल तेल चोळावे. ते केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे आता प्रयोगांनीही दिसून आले आहे. ओले केस ओढून विंचरू नयेत. फणीऐवजी रुंद दातांचा कंगवा वापरावा. पांढरा केस उपटू नये. एक उपटल्याने दहा उगवतात ही समजूत खोटी आहे, पण वारंवार उपटल्याने केसाचे मूळ दुखावते, हे खरे आहे. आणि उन्हात काम असेल तर डोक्याला रुमाल वा पदर असावा. मेलॅनिन हे केसाचे उन्हापासूनचे कवच असते. ते गेलेल्या केसाला ऊन अधिक बाधते आणि तो पिवळट, ठिसूळ होतो. केस उन्हाने पांढरे होत नाहीत, पण पांढऱ्या केसांचे ऊन मात्र नुकसान करते. बांधकामावरच्या किंवा शेतातल्या बाईला हे कोणी सांगत नाही, कारण तिला सांगून कोणाचा माल खपत नाही.

बाजार काय करतो

बाजाराने या साध्या शारीरिक बदलाला 'समस्या' हे नाव दिले. नाव दिले की उपाय विकता येतो. तेलाच्या बाटलीवर काळ्याभोर केसांची तरुणी असते आणि "पांढरे केस पुन्हा काळे" असे सूचित करणारा मजकूर असतो. कातडीबाहेर आलेला केस हा मृत तंतू आहे. त्याला वरून कोणतेही 'पोषण' देऊन त्याचा गेलेला रंग परत आणता येत नाही. याविषयी कायदा मुका आहे असेही नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'जे' अनुसूचीत ज्या विकारांवर गुण येतो असा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची यादी आहे. त्या यादीत अकाली केस पिकणे आणि केसांचा रंग बदलणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण बाटलीवर 'औषध' ऐवजी 'प्रसाधन' असे छापले आणि 'बरे करते' ऐवजी 'राखते' असे लिहिले, की कायद्याच्या भिंतीत दार पडते.

कलपाची गोष्ट याहून गंभीर आहे. आधुनिक कृत्रिम कलप हा एका रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली पॅरिसमध्ये बनवून तेथील केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केलेला माल. त्यातून पुढे जगातील एक बलाढ्य उद्योग उभा राहिला. आजच्या बहुतेक काळ्या कलपांत पॅरा-फेनिलीनडायअमीन हे रसायन असते. 'काळी मेंदी' या घरगुती नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीतही बहुधा तेच असते. कारण खऱ्या मेंदीचा रंग तांबूस चढतो, काळा कधीच चढत नाही. या रसायनाची काहींना तीव्र वावड असते: टाळू भाजल्यासारखी होते, पापण्या सुजतात, चेहरा ओळखू येईनासा होतो. एकदा वावड जडली की ती सहसा जन्मभर राहते. कायद्याने अशा कलपावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणे बंधनकारक आहे: त्वचेची आग होऊ शकते, आधी थोडे लावून पाहावे, भुवयांना व पापण्यांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते. हा इशारा पुडीवर किती बारीक अक्षरांत असतो, हे कोणत्याही वाण्याच्या दुकानात जाऊन पाहावे. ज्याला चाळिशी लागली आहे त्याच्यासाठीच हा माल आहे, आणि ज्याला चाळिशी लागली आहे त्यालाच तो इशारा वाचता येत नाही.

शिवाय हा कलप मूळ दुखणे वाढवतो. रंग केसात शिरावा म्हणून केसावरचे संरक्षक आवरण रसायनांनी उघडावे लागते. आधीच कोरडा झालेला केस त्याने अधिकच राठ होतो. मग तो मऊ करणारी दुसरी बाटली विकत घ्यावी लागते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तीन-चार आठवड्यांत मुळाशी पांढरी रेघ उमटते आणि पुन्हा पुडी आणावी लागते. इतके हुकमी आणि मरेपर्यंत न सुटणारे गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या धंद्याला मिळत असेल?

या व्यवहारात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते: सलूनमधील कारागीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा निर्णय दिला, की कलपाच्या वैयक्तिक वापराविषयी पुरावा अपुरा आहे, परंतु केशकर्तनकाराच्या व्यवसायात होणारा संपर्क हा बहुधा कर्करोगकारक आहे. म्हणजे महिन्यातून एकदा लावणाऱ्याबद्दल शास्त्र निश्चित बोलत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांना लावणाऱ्याबद्दल मात्र ते बोलते. छोट्या सलूनमधल्या किती कारागिरांना हातमोजे मिळतात, किती खोल्यांत हवा खेळती असते, हे प्रश्न कोणत्या कामगार निरीक्षकाच्या वहीत आहेत?

याच व्यवसायाने महाराष्ट्राला एक धडा दिलेला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार देऊन संप पुकारला. नवरा मेलेल्या स्त्रीच्या डोक्यावर काय असावे, हे धर्ममार्तंड ठरवीत होते. ते ठरवणाऱ्यांचे हत्यार होण्यास कष्टकऱ्यांनी नकार दिला. स्त्रीच्या केसांचा प्रश्न खाजगी नाही, तो सत्तेचा प्रश्न आहे, हे गिरणी कामगारांचा तो संघटक सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखत होता. आज स्त्रीच्या केसांवर हुकूम चालवणारा बदलला आहे. तेव्हा केस काढा म्हणत, आता केस काळे ठेवा म्हणतात. हुकूम मात्र चालूच आहे.

मालक काय करतो

हुकूम कोणाचा, हे पाहायचे असेल तर सकाळी कोणत्याही मजूर नाक्यावर जावे. मुकादम येतो, रांगेवरून नजर फिरवतो आणि बोट दाखवतो. तो कोणाच्या हाताचे घट्टे पाहत नाही, कोणाला गवंडीकाम किती येते ते विचारत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो. तो डोके पाहतो. काळे डोके गाडीत चढते, पांढरे डोके नाक्यावर उरते. सुरक्षारक्षक, दुकानातील विक्रेता, स्वागतकक्षातील मुलगी, घरकाम करणारी बाई या सर्वांची निवड थोड्याफार फरकाने अशीच होते. जाहिरातीत "वय ३५ च्या आत" असे उघड छापले जाते आणि त्यात काही गैर आहे असे छापणाऱ्याला वाटत नाही. त्याला तसे वाटण्याचे कारणही नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करू नये असे भारतीय राज्यघटना राज्यसंस्थेला बजावते. त्या यादीत वय नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी १९६७ साली चाळिशीपुढील कामगारांना वयावरून डावलण्यास बंदी करणारा कायदा झाला. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातही वयाचा अंतर्भाव आहे. भारतातील खाजगी नोकरीत असे संरक्षण देणारा सर्वसाधारण कायदा नाही.

स्त्रीच्या बाबतीत ही मुदत आणखी अलीकडे ओढली जाते. एअर इंडियाच्या नियमांत एके काळी हवाई सुंदरीचे निवृत्तीचे वय ३५ होते आणि ते पुढे वाढवायचे की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होते. त्याच विमानात सेवा देणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होत. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गर्भारपणी नोकरी संपवणारे कलम आणि संचालकाची ती मर्जी रद्द केली; परंतु स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या वयांना दोन वेगळे संवर्ग म्हणून मान्यता दिली. सरकारी मालकीच्या कंपनीचा नियमच असा होता की बाईने केस पिकण्याआधी घरी जावे. आणि हे केवळ मागासलेपणाचे लक्षण आहे, असेही समजू नये. २०२२ साली कॅनडात लिसा लाफ्लॅम या वृत्तनिवेदिकेचा करार पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर वाहिनीने संपवला. महासाथीच्या काळात त्यांनी केस रंगवणे सोडले होते. केसांचा वा वयाचा या निर्णयाशी संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. त्या देशातील स्त्रियांनी ते मानले नाही. पुरुषाचे पांढरे केस भारदस्त आणि स्त्रीचे पांढरे केस उतरलेले, हा न्याय त्यांना आपल्या अनुभवातून ठाऊक होता.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप येतात. पहिला असा, की केस रंगवणे हे व्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. त्यात चळवळीने नाक खुपसू नये. स्वातंत्र्य निश्चितच आहे. ज्याला हौस आहे त्याने निळे, हिरवे केस करावेत. कलप लावणाऱ्या कामगाराला ढोंगी म्हणून हिणवणे हा तर निव्वळ पोटभरल्यांचा नीतिवाद झाला. पण दोन्ही पर्याय सारख्याच किमतीचे असतील तेव्हाच निवड स्वतंत्र म्हणता येते. रंगवले तर पुडीचे पैसे जातात आणि न रंगवले तर दिवसाची मजुरी जाते, अशा ठिकाणी निवड नसते. तेथे सक्ती असते, आणि सक्तीला निवडीचे नाव देणे हे बाजाराचे जुने कसब आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. जड कामाला अंगात बळ लागते, वयाने ते घटते, तेव्हा मालकाने तरुण माणूस घेतला तर चुकले कोठे? चुकले असे, की केसांचा रंग हे बळाचे माप नाही. कोणाचे केस तिशीत पिकतात, कोणाचे साठीत. काम झेपते की नाही हे काम पाहून ठरवावे. जे काम माणसाला पन्नाशीत मोडून टाकते, ते काम हलके करण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. आणि ज्याचे शरीर खरोखरच थकले आहे, त्याने केस रंगवून नाक्यावर उभे राहण्याऐवजी सन्मानाने घरी बसावे, एवढे निवृत्तिवेतन त्याला मिळावे.

निवृत्तिवेतनाचा आकडा पाहिला की कलपाचे सारे रहस्य उलगडते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान पेन्शन २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरली. दहा वर्षे उलटली तरी ती वाढली नाही. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या निराधार वृद्धासाठी केंद्र सरकारने २००६ साली आपला वाटा दरमहा २०० रुपये ठरवला आणि त्यानंतर पंधरा वर्षे तो तसाच ठेवला. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेतील रक्कम २०२३ साली १५०० रुपयांवर नेली. दिवसाला पन्नास रुपये! त्यात दोन वेळचे जेवण बसवून दाखवावे, मग कामगाराला सांगावे की वार्धक्य सुंदर असते. असंघटित कष्टकऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला तर यातले पहिले पेन्शनही नाही. म्हातारे होण्याची सोय नसलेल्या देशात माणसे म्हातारे न दिसण्याची सोय करतात. कलप हा गरिबाचा भविष्यनिर्वाह निधी झाला आहे.

तेव्हा हा लढा आरशासमोर जिंकता येणार नाही. "आपले पांढरे केस अभिमानाने मिरवा" अशी मासिकांतली सुभाषिते ऐकवून नाक्यावरच्या माणसाला गाडीत जागा मिळत नाही. नोकरीच्या जाहिरातीतून आणि भरतीतून वयाची आडकाठी काढणारा कायदा, जगता येईल इतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन, पुडीवरील इशारा ठळक मराठी अक्षरांत, सलूनमधील कारागिरांना हातमोजे, खेळती हवा आणि आरोग्य तपासणी, या मागण्या युनियनच्या मागणीपत्रात यायला हव्यात. त्यांना 'बायकी' किंवा 'किरकोळ' म्हणून बाजूला सारणारा कार्यकर्ता आपल्याच वर्गाच्या एका मूक भीतीकडे पाठ फिरवतो.

आणि सुरुवात घरापासून करावी. सभेच्या व्यासपीठावर एक नजर टाकावी: सत्तरी उलटलेल्या पुढाऱ्यांची डोकी डांबरासारखी काळीभोर, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या कार्यकर्त्या बायकांच्या भांगात पांढरी रेघ. ज्या पुढाऱ्याची रोजी केसांवर अवलंबून नाही, त्याला कलपाची सक्तीही नाही. तो जेव्हा वय लपवतो तेव्हा वय ही लपवण्याचीच गोष्ट आहे, असे तो समोरच्या कामगाराला शिकवत असतो. नाक्यावरच्या माणसाने निर्भयपणे पांढरे केस ठेवावेत अशी परिस्थिती आणायला वेळ लागेल. व्यासपीठावरच्या माणसाने ते आजपासून ठेवायला काहीच हरकत नाही. त्याचे केस उन्हाने पांढरे झाले नसतील, तर ते झाकण्याचे कारण काय, हे त्याने एकदा सभेला सांगावे.